रोजे एक्सकोफाँ : ज्यांचे हस्ताक्षर जगाने वापरले

गेल्या वर्षीच्या कोजागरीचे पत्रक छापायला जाण्यापूर्वी तपासणीसाठी आमच्याकडे आले. निवृत्त बँकवाल्याकडे मंडळात दोन कामे हमखास येतात, एक हिशेब आणि दुसरे पत्रकातल्या चुका शोधणे. तारीख, वार, वेळ, देणगीदारांची नावे, सारे बरोबर होते. मराठी मजकुराखाली नातवंडांच्या पिढीसाठी एक ओळ इंग्रजीत होती आणि ती कुणी ब्रशने झरझर लिहिल्यासारखी दिसत होती. अक्षरे एकमेकांत गुंतलेली, रेषा कुठे जाड कुठे बारीक, ओळ किंचित उधळलेली. मंडळातल्या कुणा मुलीने हाताने लिहून दिली असेल असे वाटून आम्ही शाबासकीचा निरोप धाडणारच होतो. तेवढ्यात ‘बरोडा’ या इंग्रजी शब्दातल्या दोन ‘ए’कडे नजर गेली. दोन्ही तंतोतंत एक.

लिहित्या हाताकडून असे होत नाही. आम्हाला कलेतले काही फार कळते अशातला भाग नाही, पण काउंटरमागे बसून आयुष्यभर सह्या ताडून पाहिल्या आहेत. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका तपासनीस साहेबांनी शिकवले होते की नमुना कार्डावरच्या सहीहून जरा वेगळी सही आली तर लगेच घाबरू नये. जी सही नमुन्यावर धरली असता रेषेला रेष जुळते तिच्यापासून सावध राहावे, कारण ती बहुधा काचेवर ठेवून गिरवलेली असते. धडा पाठ होता, तरी आम्ही एकदा चुकलोच. एका वृद्ध खातेदारांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत केला. दुसऱ्या दिवशी ते रिक्षा करून स्वतः शाखेत आले, आमच्यासमोर तीन सह्या केल्या, आणि तिन्ही एकमेकींसारख्या नव्हत्या. हात कापू लागला होता, एवढेच. पैसे औषधासाठी हवे होते हे नंतर कळले. बँक सोडून इतकी वर्षे झाली, तरी तो चेक आठवतो.

तर ती ओळ छापाची होती. पत्रक करणाऱ्या तरुणाने वळणाचे नाव सांगितले, मिस्ट्रल. नाव कळल्यावर मात्र ती अक्षरे आम्हाला सगळीकडे दिसू लागली. ब्यूटी पार्लरच्या काचेवर, केकच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर. यंत्राला स्वतःचे हस्ताक्षर नसते, तेव्हा हे कुणाचे तरी असणारच, असे वाटून आम्ही मागोवा घेतला. ते निघाले एका फ्रेंच गृहस्थांचे. त्यांचे नाव रोजे एक्सकोफाँ.

त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९१० रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मार्सेल्स बंदरात झाला. मराठी माणसाला या बंदराचे नाव वेगळ्या कारणाने तोंडपाठ आहे. त्याच वर्षी ८ जुलैला सावरकरांनी बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. म्हणजे त्या उडीनंतर दोनच महिन्यांनी हे बाळ तिथे जन्मले. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण आम्हाला त्यामुळे हा माणूस एकदम ओळखीच्या गल्लीतला वाटला हे कबूल करतो.

घरच्यांच्या दृष्टीने चांगला मार्ग म्हणजे वकिली. मार्सेल्सपासून जवळच असलेल्या एक्स-आँ-प्रोव्हाँसच्या विद्यापीठात एक्सकोफाँ कायदा शिकू लागले. पण मन रमेना. विशीत त्यांनी कायद्याची पुस्तके मिटली आणि चित्रकार व्हायचे म्हणून पॅरिस गाठले. चित्रकलेच्या जोडीला छापखान्याच्या कामाशीही त्यांची ओळख झाली. पोट भरायचे तर चित्रकाराला जाहिरातीची वाट धरावी लागते, हे पॅरिसलाही होते आणि गिरगावातही. कायद्याचे शिक्षण मात्र वाया गेले नसावे असे आमचे मत आहे. त्यांचे पुढचे काम पाहिले तर त्यात एक सवय सतत दिसते. आधी नियम काय आहे ते नीट समजून घ्यायचे, आणि मग त्यात वाट कुठे आहे ती शोधायची. ही सवय चित्रकारापेक्षा वकिलाची जास्त.

महायुद्ध संपता संपता त्यांचा टाइपाशी संबंध आला. मार्सेल्समध्ये ऑलिव्ह नावाची एक छोटी टाइप फाउंड्री होती, म्हणजे छापखान्यांना लागणारे शिशाचे खिळे ओतणारा कारखाना. तिचे मालक मार्सेल ऑलिव्ह हे एक्सकोफाँ यांचे नातलग. १९४५ च्या सुमारास शांबोर नावाचे त्यांचे पहिले अक्षरवळण तयार झाले. १९४७ साली एक्सकोफाँ यांनी पॅरिसमध्ये स्वतःची जाहिरात संस्था काढली आणि त्याच सुमारास फाउंड्रीच्या कलाविभागाची सूत्रे हाती घेतली. मार्सेल्सचा कारखाना आणि पॅरिसची जाहिरात संस्था अशा दोन डगरींवर पाय ठेवूनच त्यांनी पुढची वर्षे काढली.

या जोडव्यवहाराचा फायदा असा झाला की टाइप विकत घेणाऱ्याची गरज त्यांना आधीच ठाऊक असे. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये दुकाने पुन्हा उघडत होती, सिनेमाघरे भरत होती, नवा माल येत होता. मोठ्या कंपन्यांना नामवंत चित्रकाराकडून भित्तिपत्रक करून घेणे परवडे. त्यावरची अक्षरेही तो चित्रकार हाताने काढून देई. गावातल्या न्हाव्याला आणि पाववाल्याला ते कुठून परवडणार? तो जाई गल्लीतल्या जॉब प्रेसमध्ये, आणि प्रेसवाल्याच्या केसेसमध्ये तेच जुने, सरळ, पुस्तकी खिळे. हाताने काढलेल्या अक्षराचा जोम जर खिळ्यात ओतता आला, तर गल्लीतला छापखानाही झोकदार पत्रक देऊ शकेल. एक्सकोफाँ यांनी नेमके हेच काम अंगावर घेतले. पॅरिसमध्ये देबेर्नी ए पेन्यो ही बडी फाउंड्री होती. तिच्यापुढे ऑलिव्ह म्हणजे पेढीपुढे पतसंस्था. लहान संस्थेला टिकायचे तर मोठी जे देत नाही ते द्यावे लागते, हे आम्ही नोकरीत जवळून पाहिले आहे.

१९५१ साली बँको आले. नाव ऐकून आम्ही सरसावून बसलो, पण बँकेच्या व्यवहाराचा त्यात काही गंध नाही. फ्रेंचमध्ये हा पत्त्यांच्या जुगारातला शब्द आहे. फक्त मोठी अक्षरे, खाली निमुळत्या होत गेलेल्या जाड पट्ट्यांची, पत्र्याच्या पट्टीला वाक देऊन केल्यासारखी. फ्रान्सभरच्या दुकानदारांनी ते उचलले. अमेरिकेतल्या थ्रॅशर या स्केटबोर्डच्या मासिकाचे नाव याच वळणात आहे, आणि त्या नावाचे बनियन आपल्याकडची पोरेसुद्धा घालून हिंडतात. मासिक काय आहे हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

मग १९५३ साली मिस्ट्रल. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिण किनाऱ्याकडे घोंघावत येणाऱ्या कोरड्या, थंड वाऱ्याचे हे नाव. मार्सेल्सच्या माणसाला तो वारा जन्मापासून ओळखीचा. आणि अक्षरासाठी नमुना म्हणून एक्सकोफाँ यांनी घेतले स्वतःचेच हस्ताक्षर.

यात एवढे अवघड काय, असे आज वाटेल. ते समजायला खिळा म्हणजे काय ते आठवावे लागते. तरुण वाचकांसाठी सांगतो. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाचा एक लहानसा चौकोनी ठोकळा, त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर. जुळारी असे खिळे एकेक करून शेजारी शेजारी लावी. प्रत्येक अक्षराला स्वतःचा चौकोन असतो आणि अक्षराने त्या चौकोनात राहायचे असते. बाहेर डोकावले तर तो भाग कमकुवत होऊन मोडतो. आता हस्ताक्षराचा स्वभाव बरोबर याच्या उलट. हात एका अक्षरातून निघून दुसऱ्यात शिरतो, मधे थांबत नाही. ‘ए’नंतर ‘एन’ लिहिताना हात जिथून वळतो तिथून ‘ए’नंतर ‘ओ’ लिहिताना वळत नाही. इंग्रजी वर्णमालेची सव्वीस अक्षरे घेतली तरी शेजारच्या जोड्या होतात सहाशे शहात्तर. त्यात फ्रेंचमधली डोक्यावर टोप्या नि चिन्हे घेतलेली अक्षरे वेगळीच. प्रत्येक जोडीसाठी वेगळा खिळा ओतला तर कारखाना बुडेल आणि जुळाऱ्याला वेड लागेल.

सलग लेखनाचे टाइप त्यापूर्वीही फ्रान्समध्ये होते. दिदो घराण्याने तिरक्या ठोकळ्यांची युक्ती काढून ते जमवले होते. पण ते सुलेखन होते, कित्ता गिरवल्यासारखे. सारी अक्षरे एकाच कोनात, एकाच लयीत. त्यामुळे सांधा कुठे यायचा हे आधीच ठरलेले. एक्सकोफाँ यांना हवे होते घाईतले अक्षर. कुणीतरी चिठ्ठी खरडून ठेवली आहे असे वाटणारे, आणि तरी कोणतेही अक्षर कोणत्याही अक्षरापुढे ठेवले तर धागा न तुटणारे.

त्यांनी शोधलेली वाट सांगायला सोपी आहे. प्रत्येक लहान अक्षरातून बाहेर पडणारी रेषा ठरावीक उंचीवर ठोकळ्याच्या उजव्या कडेला येऊन थांबते, आणि प्रत्येक अक्षरात शिरणारी रेषा त्याच उंचीवर डाव्या कडेपासून निघते. दोन खिळे चिकटून बसले की रेष अखंड. म्हणजे अक्षराच्या दोन्ही कडांवर कडक कायदा. पण कायदा फक्त कडांवर! मधल्या भागात मात्र पूर्ण मुभा. तिथे एखादे अक्षर ओळीच्या खाली घसरते, एखादे वर उडी मारते, एखाद्याचे पोट भरलेले तर एखादे नुसते ओरखड्यासारखे. रेषेला ब्रश आणि शाईचा खरखरीतपणा. डोळा या धावपळीत इतका गुंततो की सांध्यांची शिस्त त्याला दिसतच नाही. आम्ही भिंग घेऊन पाहिले तेव्हा आम्हाला ती दिसली, आणि खरे सांगायचे तर दाद तेव्हा निघाली. दोन सारख्या ‘ए’मुळे आमच्यासारखा एखादा सही तपासणारा ओळखील, पण तोही सावकाश, पहिल्या नजरेला आम्हीसुद्धा फसलो होतो.

आपल्या लिपीला हा प्रश्न नवा नाही. देवनागरीत शब्दभर शिरोरेषा जायला हवी आणि खिळे तर सुटे. जुनी मराठी पुस्तके उघडून पाहा, झिजलेल्या खिळ्यांनी छापलेल्या पानांवर शिरोरेषेत बारीक बारीक फटी दिसतात. पण आपली शिरोरेषा सरळ आणि एकाच उंचीवर, त्यामुळे सांधा निदान कुठे आहे याचा वाद नाही. आमच्या बडोद्यात शेजारच्या पाटीवरच्या गुजराती अक्षरांना शिरोरेषाच नसते, तेव्हा गुजराती जुळाऱ्याची ही डोकेदुखी मुळातच टळलेली. एक्सकोफाँ यांनी डोकेदुखी आपण होऊन विकत घेतली.

मिस्ट्रल खपले, आणि भरपूर खपले. १९५५ साली ॲम्स्टरडॅमच्या टाइप फाउंड्रीनेही ते काढले आणि ते फ्रान्सबाहेर पडले. दुकानांच्या पाट्यांना या वळणाची एक वेगळीच सोय होती. सारा शब्द सलग असल्यामुळे तो पत्र्यातून अखंड कापता येतो, निऑनच्या नळीत वळवता येतो. खानावळी, गॅरेज, शिवणकामाची दुकाने, समुद्रकाठची हॉटेले यांच्या दर्शनी भागावर एक्सकोफाँ यांचे हस्ताक्षर चढले. नाव दुकानदाराचे, हात यांचा. खाली सही कुठेच नाही.

त्याच १९५५ साली शोक आले. मराठीत हा उच्चार भलताच अर्थ देतो, पण फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ धक्का, टक्कर. मिस्ट्रलचा ठळक भाऊ करायला बसले आणि हाती लागले हे. जाड ब्रश शाईत भरपूर बुडवून कागदावर दाबावा तशी अक्षरे, पण एकमेकांना न जोडलेली. त्यात जपानी ब्रशलेखनाचा भास होतो, आणि त्यामुळेच पुढे युरोप-अमेरिकेतल्या जपानी-चिनी खाणावळींच्या पाट्यांवर ते जाऊन बसले. फ्रेंच माणसाने रोमन लिपीसाठी केलेले अक्षर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला पूर्वेकडचे वाटते! आपल्याकडे पंजाबी ढाब्याच्या पाटीवर रोमन अक्षरांना वरून रेघ मारून गुरुमुखीचा भास करतात, त्यातलाच प्रकार म्हणायचा.

पाठोपाठ आणखी वळणे आली. १९५६ चे डियान अगदी वेगळे, नाजूक वेलबुट्टीचे, आमंत्रणपत्रिकेसाठी. १९५८ चे कॅलिप्सो म्हणजे तर गंमत. कागदाचे तुकडे गुंडाळून त्यांवर ठिपक्याठिपक्यांची छाया पाडावी तशी नुसती मोठी अक्षरे. ठिपक्यांची छाया शिशाच्या खिळ्यात उतरवणे हा जवळजवळ हट्टच होता. व्हाँदोम हे फ्राँस्वा गानो यांच्याकडून करून घेतलेले. होझे मेंदोझा यांच्यासारखे पुढे स्वतः नावारूपाला आलेले अक्षरकारही उमेदीच्या काळात एक्सकोफाँ यांच्या हाताखाली काम करून गेले.

पण मिस्ट्रलच्या माणसाला गंभीर काम जमते का, ही शंका व्यवसायात असणारच. हलक्याफुलक्या कामात नाव झाले की जड कामासाठी आपल्याला कुणी बोलावत नाही. १९५७ साली दोन अक्षरवळणे आली आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षे गाजवली. स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीचे हेल्वेटिका आणि देबेर्नी ए पेन्यो यांच्यासाठी आद्रियाँ फ्रुटिगर यांनी केलेले युनिव्हर्स. दोन्ही साधी, सोज्ज्वळ, हाताचा मागमूस नसलेली. ऑलिव्हला उत्तर देणे भाग होते. एक्सकोफाँ यांनी उत्तर दिले अँटिक ऑलिव्ह; १९६२ ते १९६६ या काळात ते टप्प्याटप्प्याने पुरे झाले.

यामागचा त्यांचा विचार घरी करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या इंग्रजी ओळीचा खालचा अर्धा भाग पोस्टकार्डाने झाका. ओळ बहुतेक वाचता येते. आता वरचा अर्धा भाग झाका, अडखळायला होते. म्हणजे डोळा अक्षर ओळखतो ते त्याच्या वरच्या भागावरून. म्हणून अँटिक ऑलिव्हमध्ये लहान अक्षरे उंच आणि मोकळी आहेत आणि वजन वरच्या भागाकडे झुकलेले आहे. दिसायला साधे, पण नीट पाहिले तर ‘ओ’ अगदी शांत गोल नाही, जरा दबलेला, जरा फुगलेला. हाताची सवय इथेही गेली नाही. एअर फ्रान्सच्या नावाची अक्षरे याच वळणावर बेतलेली होती आणि २००९ पर्यंत ती विमानांच्या अंगावर राहिली. एअर फ्रान्स त्यांच्या संस्थेचे मोठे गिऱ्हाईक. बॅली या पादत्राणांच्या कंपनीसाठीही त्यांनी भित्तिपत्रके केली. त्यांत ब्रशचे दोन-चार फटकारे मारले की आकार उभा राही.

१९६८ साली ग्रनोबल येथे हिवाळी ऑलिंपिक झाले, त्याचे बोधचिन्ह एक्सकोफाँ यांचेच. बर्फाचा स्फटिक आणि भोवती तीन लाल गुलाब. गुलाब ही ग्रनोबल शहराची जुनी खूण. मार्सेल्सच्या वकिली सोडलेल्या मुलाला देशाने दिलेला हा मोठा मान म्हणावा लागेल.

तरी जग हेल्वेटिकाकडेच गेले. फॉर्म, फलक, पासबुके, आमच्या बँकेच्या परिपत्रकांपर्यंत त्याची नि त्याच्या भावंडांची सत्ता. अँटिक ऑलिव्हला स्वतःचा स्वभाव आहे, आणि स्वभाव असलेला माणूस समितीत चालत नाही. त्यात फोटोवर अक्षरजुळणी करणारी यंत्रे आली आणि शिशाचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यांचे दिवस भरले. १९७८ साली ऑलिव्ह फाउंड्रीची अक्षरवळणे स्वित्झर्लंडच्या हास फाउंड्रीकडे गेली. तीच हास, हेल्वेटिकावाली. ज्यांच्याशी स्पर्धा करण्यासाठी अँटिक ऑलिव्ह घडवले, त्यांच्याच कपाटात ते जाऊन पडले. बँकांच्या विलीनीकरणात असे प्रकार आम्ही पाहिले आहेत. पाटी उतरवताना जुने कर्मचारी बाजूला उभे राहून पाहतात, बोलत कुणी नाही. तेव्हा एक्सकोफाँ अडुसष्ट वर्षांचे होते. ३० मे १९८३ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

घरोघरी संगणक येण्यापूर्वीच ते गेले. मिस्ट्रलचा खरा प्रसार तर त्यानंतर झाला. संगणकासाठी ते उतरवले गेले, मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसबरोबर जगभरच्या यंत्रांत जाऊन बसले, आणि ज्याला टाइप म्हणजे काय हेही माहीत नाही अशा माणसाच्या हाताशी आले. पूर्वी जुळाऱ्याला खिळे जपावे लागत, कड झिजली की सांध्यात फट पडे. आता फट पडायचा प्रश्नच नाही. यादीत नाव निवडले की काम झाले. सोसायटीची नोटीस, शाळेचे स्नेहसंमेलन, वाढदिवसाचा फलक, सगळीकडे ते वापरले गेले. २०११ सालच्या ‘ड्राइव्ह’ या हॉलिवूडपटाची श्रेयनामावली भडक गुलाबी रंगातल्या मिस्ट्रलमध्ये आहे, आणि तेवढ्यापुरते ते पुन्हा तरुणांच्या आवडीचे झाले.

या अतिवापराने त्याची किंमत उतरली असे जाणकार म्हणतात. त्यांना ते स्वस्त वाटते. आम्हाला हे म्हणणे पटत नाही. पाववाल्याला आणि न्हाव्याला झोकदार अक्षर मिळावे म्हणूनच तर ते केले होते. आता ते पाववाल्याच्या नि न्हाव्याच्या पाटीवर दिसते ही तक्रार कशी होऊ शकते? मात्र दुसरी एक गोष्ट मनाला लागते. एवढ्या पाट्यांवर ज्याचा हात फिरला आहे त्याचे नाव विचारले तर पाटी लावणारा सांगू शकत नाही, आणि वाचणाऱ्याला ते कुणाचे तरी अक्षर आहे हेच ठाऊक नसते. मेल्यावर माणसाची सही बँकेत चालत नाही. आम्ही स्वतः कित्येक नमुना कार्डांवर तशी नोंद करून ती बाजूला काढली आहेत. या एका माणसाचा हात मात्र मृत्यूनंतर चाळीसहून अधिक वर्षे रोज लिहितो आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. जॉब प्रेसवाल्याला जे वरदान ठरले ते पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला ठरले नाही. हा दोष एका मिस्ट्रलचा नाही, छापील फ्लेक्सचा आहे; पण हाताने काढल्यासारखे अक्षर बोटाच्या टोकावर मिळू लागल्यावर हाताला कोण बोलावणार? आमच्या पहिल्या शाखेची पाटी एका पेंटरने शिडीवर बसून दोन दिवसांत रंगवली होती. शिरोरेषा तो दोरी धरून आखून घेई आणि अक्षरे मात्र मोकळ्या हाताने सोडी. पुढे तिथे तयार पाटी आली, तेव्हा तो कुठे गेला याची आम्ही चौकशी केली नाही.

कोजागरीच्या पत्रकाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. इंग्रजी ओळ तशीच ठेवली. तीत काढण्यासारखे काही नव्हते, आणि आता ती कुणाची आहे हे आम्हाला माहीत होते. मराठी शीर्षक मात्र मंडळातल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षिकांकडून ब्रशने लिहून घेतले. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी लिहिलेली ओळ, सर्व सभासदांस सहकुटुंब निमंत्रण. त्या ओळीत ‘स’ पाच वेळा येतो. सवयीने आम्ही पाचही ताडून पाहिले. एकही दुसऱ्यासारखा नव्हता, शेवटच्या ‘स’ला हात थोडा कापलेला दिसतो. पत्रक पास केले.